एकत्रीकरण

"आत गेल्यावर माझ्या शेजारी बसू नकोस," रूथ म्हणाली.

विभागीय कार्यालयाच्या फाटकापासून थोडं अलीकडं, एका बंद पानठेल्याच्या सावलीत आम्ही उभ्या होतो. मे महिना. सकाळच होती, पण रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायला लागलं होतं. रूथनं डोक्याला बांधलेला पांढरा दुपट्टा सोडला, त्यानंच मान पुसली आणि पुन्हा बांधला.

"एका दवाखान्यातल्या आहोत आपण. शेजारी बसलो तर कोण काय म्हणणार आहे?"

"म्हणायचं कुणी थांबलंय का? तू मागं बस. माझं नाव पुकारलं की माझ्याकडं बघू नकोस. काहीही झालं तरी उठायचं नाही. कबूल?"

"कबूल."

ती पुढं निघाली. ती फाटकातून आत दिसेनाशी होईपर्यंत मी ठेल्यापाशीच थांबले.

मी कुमुद तायडे, अकोल्याची. रूथ साळवे नगरकडची, मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकलेली. आम्ही दोघी धारखेडच्या ग्रामीण रुग्णालयात सिस्टर होतो आणि बाजारामागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. गाव आम्हाला रूमपार्टनर म्हणायचं. आम्हीही तेच म्हणायचो. अकरा वर्षं म्हणत होतो.

दवाखान्यात मात्र आमचं आणखी एक नाव होतं, 'मोकळ्या'. दिवाळीची नाइट कुणाला लावायची? मोकळ्यांना लावा. लग्नसराईत सगळ्यांना सुट्ट्या हव्यात, मग वॉर्ड कोण बघणार? त्या आहेत की मोकळ्या. माझी गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन झालं तेव्हा रूथनं रजा मागितली होती. आमच्या मेट्रन नागपुरे सिस्टर तशा वाईट नव्हत्या, पण हसून म्हणाल्या, "अगं साळवे, रूमपार्टनरसाठी कुठं रजा असते का? तिच्या भावाला बोलावून घे." भाऊ आला नाही. रूथ रात्री वॉर्ड सांभाळायची, सकाळी माझ्या उशाशी येऊन बसायची आणि कुणी आलं की उठून सलाइन तपासल्यासारखं करायची.

त्यात आदल्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाचा निकाल आला होता, आमच्यासारख्यांना पुन्हा गुन्ह्यात बसवणारा. रूथनं तो पेपर वाचला, घडी घातली आणि त्यावर मेथी निवडत बसली. पण त्या दिवसापासून तिनं रस्त्यानं चालताना माझी पिशवी धरणंसुद्धा सोडलं.

आणि आता बदल्या आल्या होत्या. माझी नव्हती, मी आमच्या संघटनेची तालुक्याची प्रतिनिधी म्हणून आले होते. रूथची मुदत संपली होती, तिला धारखेड सोडणं भाग होतं.

त्या वर्षी बदल्या समुपदेशनानं व्हायच्या होत्या. नाव मोठं, काम साधं. सगळ्यांनी एका हॉलमध्ये जमायचं, रिकाम्या जागा पडद्यावर दिसतात, नाव पुकारलं की माइकजवळ जाऊन त्यातली एक मागायची. आधी अपंग आणि दुखणाईत, मग विधवा, मग 'पती-पत्नी एकत्रीकरण', म्हणजे सरकारी नोकरीतला नवरा ज्या तालुक्यात असेल तिथं बायकोला जागा. ह्या सगळ्या आटोपल्या की उरलेल्या, नोकरीच्या ज्येष्ठतेनं. रूथ उरलेल्यांत होती.

धारखेडच्या जवळ बोरवाडीचा दवाखाना होता, एसटीनं तासाभराचा रस्ता. तिथं दोन जागा रिकाम्या आहेत असं आम्ही आठवडाभर ऐकून होतो. एक आमच्याच दवाखान्यातल्या चंदा बोचरेला जाणार, कारण तिचा नवरा बोरवाडीला ग्रामसेवक होता. दुसरी रूथला. रोज सकाळी पहिली बस, संध्याकाळी घरी. आम्ही डब्याला काय करायचं इथपर्यंत ठरवून ठेवलं होतं.

मी हॉलमध्ये शिरले आणि पहिल्यांदा पडद्याकडं पाहिलं.

बोरवाडी – १.

बाकी जागा बहुतेक मेळघाटातल्या. डोंगरातली गावं, तिथून महिन्यातून एकदा घरी आलं तरी पुष्कळ. वयाच्या पन्नाशीत, साखरेची गोळी सुरू झालेल्या बाईनं तिथं एकटीनं काढायची म्हणजे किती वर्षं, हे कुणी सांगू शकत नव्हतं. मी पुढच्या रांगेत पाहिलं. रूथही पडद्याकडं बघत होती. तिची पाठ एकदम ताठ झाली होती. ती मागं वळली नाही.

हॉलमध्ये चार कूलर घरघरत होते आणि वारा कुणालाच लागत नव्हता. बायका, त्यांचे नवरे, कडेवरची पोरं, पाण्याच्या बाटल्या. नवऱ्यांना दारापर्यंतच परवानगी होती, पण प्रल्हाद बोचरे आत येऊन चंदाशेजारच्या खुर्चीवर बसला होता. उंचापुरा, हसतमुख माणूस, पांढराशुभ्र शर्ट. त्यानं पाण्याचे पाऊच आणले होते आणि तो रांगेतल्या सगळ्यांना वाटत होता. माझ्यापर्यंत आला.

"घ्या तायडे सिस्टर. झालं आता, बोरवाडी आपलीच. सोळा वर्षं झाली लग्नाले, बायको एकीकडं आन् मी एकीकडं. माणसानं हातानं किती दिवस भाकरी थापाव्या?"

"खरं आहे," मी म्हणाले.

"तुमच्या साळवे सिस्टर कुठं चालल्या मंग?"

"बघू. मिळेल ती जागा."

"त्याईचं काय! मोकळं माणूस. जिथं जाईन तिथं घर."

चंदा मान खाली घालून पाऊचचा कोपरा दातानं तोडत होती. अंगात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, मनगटापर्यंत. त्या उकाड्यात. शनिवार-रविवार प्रल्हाद धारखेडला यायचा आणि सोमवारी चंदा तो ब्लाउज घालून ड्यूटीवर यायची. आम्ही सगळ्या नर्सेस होतो, बाही किती लांब आहे यावरून काय झालं असेल ते आम्हाला कळत होतं. कुणी विचारलं नव्हतं. तिची मुलगी नववीत होती. तिला तिनं परतवाड्याला आपल्या आईकडं ठेवलं होतं. ते का, हेही कुणी विचारलं नव्हतं.

साहेब आले. विभागाचे उपसंचालक, चष्मा कपाळावर, थकलेला चेहरा. पहिली नावं सुरू झाली. एक बाई कुबडीवर आली, तिनं जिल्ह्याचं गाव घेतलं. एक विधवा रडली. मी एकेक जागा पडद्यावरून पुसली जाताना बघत होते आणि दर वेळी आधी बोरवाडी शोधत होते.

तेवढ्यात चंदा उठून माझ्याकडं आली.

"कुमुदताई, मागं पान्याचा नळ हाये म्हंतात. चलता का?"

पाण्याचा पाऊच तिच्या हातात अर्धा भरलेला होता. मी उठले.

हॉलच्या मागं सिमेंटची टाकी होती, बाजूला कडुलिंब. नळाला पाणी नव्हतं. चंदानं तो उघडला, बंद केला आणि तिथंच उभी राहिली.

"एक इचारू? राग नका मानू."

"विचार."

"तुम्ही आन् साळवे सिस्टर... तुम्ही घरी कशा राहता?"

अकरा वर्षांत हा प्रश्न नाना तऱ्हांनी आला होता. खवचट, हसून, डोळा मारून. उत्तरं तयार असायची.

"कशा म्हणजे काय गं? भाडं वाटून घेतो. खोल्या महाग आहेत."

"तसं नाई व ताई." ती वैतागली. "ड्यूटी संपली, घरी गेल्या. दार लावलं. मंग?"

"मग स्वयंपाक. टीव्ही. झोप."

चंदानं इकडं तिकडं पाहिलं. मग अगदी खालच्या आवाजात, जसं आम्ही पेशंटला लाजेची गोष्ट विचारतो तसं विचारलं,

"त्याईचा हात नाई उठत तुमच्यावर?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिला माहीत होतं. गावात कुजबुजतात तसं नाही. एक घर जसं असतं तसं आमचं घर आहे, एवढं तिनं धरूनच चाललं होतं. आणि घर म्हटल्यावर तिच्या मनात पहिला प्रश्न हा आला होता.

मी "काहीतरीच काय बोलतेस" म्हणून निघून जाऊ शकले असते. तोंडावर तेच आलं होतं. रूथ आत पाठ ताठ करून बसली होती. ह्या बाईनं एक शब्द नवऱ्याला सांगितला, तर तो माइकवर जायला कमी करणार नव्हता.

पण तिच्या तोंडाकडं पाहून मला खोटं बोलवेना.

"नाही," मी म्हणाले. "कधीच नाही."

"कधीच?"

"कधीच."

"आन् राग आला म्हंजे?"

"राग आला की बोलत नाही. दोन दोन दिवस. मग एकदम म्हणते, कुमुद, गॅस संपलाय."

चंदाच्या ओठांवर हसू आलं आणि तिथंच थांबलं.

"लोक म्हंतात ते खरं हाये तं."

"हो," मी म्हणाले. "खरं आहे."

मी हे आईला सांगितलं नव्हतं. भावाला नाही, बहिणीला नाही. आणि त्या कोरड्या नळापाशी, वॉर्डात जिच्याशी इंजेक्शनं आणि चादरींपलीकडं कधी बोलले नव्हते अशा बाईला सांगितलं. मी टाकीला टेकले.

"त्याईले बोरवाडी नाई भेटली तं?"

"तर मेळघाट."

"आन् तुम्ही?"

"मी धारखेडला."

उजव्या हाताची बाही तिनं खाली ओढली. तेवढ्यात मागच्या दारातून हाक आली, "चंदे! अवं चंदे, कुठं जाऊन बसली? नाव यीन आता!"

प्रल्हाद दारात उभा होता. चंदा गेली. जाताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

मी परत माझ्या खुर्चीवर येऊन बसले तेव्हा तो तिच्या कानाशी वाकला होता. ती काहीतरी सांगत होती. त्यानं पुन्हा काही विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. मग त्यानं मान वळवून सरळ माझ्याकडं पाहिलं. हसला नाही. मग त्याची नजर पुढच्या रांगेतल्या रूथकडं गेली आणि परत माझ्याकडं आली.

सांगितलं तिनं, मला वाटलं. संपलं.

त्या पंधरा-वीस मिनिटांत माझ्या डोक्यातून काय काय गेलं ते मला आजही आठवतं. तो उठून काय बोलेल. साहेब चष्मा खाली घेऊन कसे बघतील. सगळ्या बायका माना वळवतील आणि रूथ तिथं एकटी बसलेली असेल, आणि मला उठायचं नाही असं कबूल करून घेतलेलं. उद्या घरमालक येईल. नोकरीवर गदा येईल का? माझी पर्स मी इतकी घट्ट धरली होती की तिचा बंद तळहातात रुतला. रूथला काय वाटलं कोण जाणे, पण नेमकं तेव्हाच तिनं मागं वळून पाहिलं. माझं तोंड बघून तिच्या भुवया आक्रसल्या. काय झालं? मी नुसती मान हलवली.

"पती-पत्नी एकत्रीकरण," माइकवर कारकुनानं पुकारलं. "श्रीमती चंदा प्रल्हाद बोचरे."

चंदा उठली. प्रल्हादनं तिच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढं सारलं आणि तो शेजारच्या बाईला म्हणाला, "बोरवाडी."

चंदा माइकजवळ गेली. माइक उंच होता, तिला टाचा उचलाव्या लागल्या.

"बोला बाई," साहेब पडद्याकडं बघत म्हणाले. "पती बोरवाडी तालुका. बोरवाडी एक जागा आहे. लिहा हो, बोरवाडी."

"नाई साहेब," चंदा म्हणाली. "मले मेळघाट पाह्यजे."

कारकून लिहिता लिहिता थांबला. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"काय पाहिजे?"

"मेळघाट. परतवाड्याच्या अंगाचं कोनतंबी गाव द्या."

"अहो, तुमचं नाव एकत्रीकरणात आहे. बोरवाडीला तुमचे यजमान आहेत."

"हाव साहेब. मले एकत्रीकरण नको."

हॉलमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. मग कूलरच तेवढे वाजत राहिले. प्रल्हाद उभा राहिला होता. "ए, डोस्कं फिरलं का तुयं?" तो ओरडला. "साहेब, तिले समजत नाई. बोरवाडी लिहा!"

"तुम्ही खाली बसा," साहेब म्हणाले. "तुम्हाला मुळात आत कुणी सोडलं?" मग चंदाकडं वळून, थोड्या हळू आवाजात, "बाई, मेळघाट कुणी मागून घेत नाही. विचार करून सांगताय ना?"

चंदानं मागं पाहिलं नाही. दोन्ही हातांनी माइकचा दांडा धरला.

"लई दिसापासून इचार करून ऱ्हायली साहेब. आज सांगते."

साहेबांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. त्या लांब बाह्यांकडंही पाहिलं असावं. शेवटी तेही डॉक्टर होते. मग म्हणाले, "लिहा." शिपायानं प्रल्हादच्या दंडाला धरून त्याला बाहेर नेलं. जाताना तो काय बोलत होता ते इथं लिहीत नाही.

पडद्यावर बोरवाडी – १ तसंच होतं.

त्यानंतर एकत्रीकरणातल्या बाकीच्या बायका झाल्या. कुणाचाच नवरा बोरवाडीकडं नव्हता. मग उरलेल्या सुरू झाल्या आणि रूथच्या पुढं ज्येष्ठतेनं ज्या होत्या त्यांनी आपापल्या जिल्ह्यांतल्या जागा घेतल्या.  

"रूथ शमुवेल साळवे."

मी कबूल केल्याप्रमाणे खाली बघत राहिले. पण कान कुठं बंद करणार?

"बोरवाडी, साहेब."

साहेबांनी कागद चाळला. "सिस्टर, असं बघा. तुमच्या मागं अजून लेकुरवाळ्या आहेत. दोघीतिघींना बोरवाडीसारखं गाव सोयीचं पडेल. तुम्ही एकट्या. तुम्ही मोठ्या मनानं मेळघाट घेतलंत तर एखादीचं घर मोडणार नाही." हुकूम नव्हता तो. ते विनंतीच करत होते, आणि त्यामुळंच ते जास्त अवघड होतं. रूथ जन्मभर असल्या विनंत्यांना 'बरं' म्हणत आली होती.

मी वर पाहिलं. तिचा हात दुपट्ट्याच्या टोकाशी चाळा करत होता.

"साहेब, माझंही घर आहे."

"असेल ना. कोण आहे घरी? आईवडील?"

"नाही. ते गेले."

"मग?"

मागून एक पोर रडलं, त्याला कुणी तरी गप्प केलं.

"माझं माणूस आहे," रूथ म्हणाली.

साहेबांनी पुन्हा कागद पाहिला. "इथं अविवाहित लिहिलंय."

"बरोबर लिहिलंय. लग्न झालेलं नाही. माणूस आहे."

एक-दोघी हसल्या. कुणी तरी 'आई गं' म्हणालं. नागपुरे सिस्टर माझ्या पुढच्याच रांगेत होत्या. त्यांनी सावकाश मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि तशीच सावकाश पुन्हा पुढं फिरवली. रूथ तिथं उभी होती, कानापर्यंत लाल झालेली, पण हलली नाही. साहेबांनी तोंड उघडलं. काहीतरी विचारणार होते, ते विचारलं नाही.

"ज्येष्ठतेनं तुमचा हक्क आहे," ते म्हणाले. "बोरवाडी लिहा."

मी उठले नाही. उठता आलंच नसतं.

बाहेर आले तेव्हा चंदा फाटकाच्या खांबाला टेकून उभी होती. प्रल्हादची मोटारसायकल गेली होती. तिच्यासोबत चंदाची पर्स आणि फोनही गेला होता. गाल सुजला होता. रस्त्यावरच, सगळ्यांदेखत मारलं होतं त्यानं. रसवंतीवाला तिला ग्लासात बर्फ घालून देत होता.

"त्याले काय सांगितलं मी, माहीत हाये का?" मला पाहताच ती म्हणाली. "तो इचारत होता, मागं काय बोलत होत्या. मी म्हणलं, तायडे सिस्टरले चक्कर आली. म्हनून पाहून ऱ्हायला होता तो तुमच्याकडं."

रूथ माझ्या मागून आली. तिनं चंदाचा चेहरा हातात धरून उजेडाकडं वळवला, जबड्यावरून बोटं फिरवली, तोंड उघडायला लावलं. "हाड नाही मोडलं," ती म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, "तिला घेऊन चल."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? घरी."

आमच्या घरात दवाखान्यातलं कुणी कधी आलं नव्हतं. कुणी प्रसाद द्यायला आलं तरी तो दारातच घेऊन परत पाठवायचो.

बसमध्ये चंदा खिडकीशी बसली आणि लगेच झोपली. रूथ समोर बघतच म्हणाली, "तू सांगितलंस तिला."

"तिनं विचारलं."

"माझ्याविषयीचं तू एकटीनं कसं सांगितलंस?"

"आणि तू? माइकवर?"

"मी नाव घेतलं नाही," रूथ म्हणाली आणि तोंड फिरवलं. पुढचे सगळे थांबे ती बोलली नाही.

पुढचं सोपं गेलं असं म्हणणार नाही. प्रल्हाद धारखेडला येऊन दवाखान्याच्या फाटकात ओरडून गेला, ह्या दोघींनी माझी बायको बिघडवली म्हणून. एका सकाळी दारावर कोळशानं काहीबाही लिहिलेलं होतं. ते मी ओल्या फडक्यानं पुसलं. घरमालकानं घर सोडायला सांगितलं, आम्ही स्टेशनाच्या बाजूला दुसरं पाहिलं. डबा खायच्या वेळी माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. त्या तशाच राहिल्या, पार पाऊस संपेपर्यंत. मग एक दिवस नागपुरे सिस्टर येऊन तिथं बसल्या. डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्याकडं सरकवली आणि जेवायला लागल्या. दुसऱ्या दिवशी दुसरी खुर्चीही भरली. रूथ बोरवाडीहूनच निवृत्त झाली. चंदा अजून मेळघाटात आहे. तीन वर्षांनी तिला हवं ते गाव मागता आलं असतं, तिनं मागितलं नाही. मुलगी तिच्याकडं राहूनच बारावी झाली.

पण मला सांगायचंय ते त्या बदल्यांच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं.

आमच्या बाहेरच्या खोलीत एक पलंग होता. घर घेतलं त्याच आठवड्यात आम्ही तो आणला होता, गादी-उशीसकट, वर फुलांची चादर. दोन बायका राहतात म्हणजे दोन पलंग दिसायला हवेत. रूथ दर रविवारी त्याची चादर बदलायची. चंदाला आम्ही त्यावर झोपवलं.

सकाळी ती लवकर उठली. तिला परतवाड्याची बस धरायची होती, मुलीकडं. रूथ स्वयंपाकघरात तिच्यासाठी पोळ्या करत होती. माझ्याशी अजून एक अक्षर बोलली नव्हती. चंदानं चहा घेतला, सुजलेला गाल सांभाळत हळूहळू. मग बाहेर जाऊन पलंगाची चादर नीट केली आणि गादीवर हात दाबून पाहिला.

"साळवे सिस्टर," तिनं तिथूनच आवाज दिला, "गादी लईच कोरी हाये व तुमची. कोनी निजत नाई वाट्टे ह्याच्यावर."

स्वयंपाकघरात लाटण्याचा आवाज थांबला. मी रूथकडं बघायचं टाळलं. मग ती पीठ लागलेल्या हातांनी दारात आली. आधी ती लालबुंद झाली, कपाळापर्यंत. मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती. दाराच्या चौकटीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि चंदा एका गालानं हसली, आणि मला हसू की रडू कळेना.

रूथनं डोळे मनगटानं पुसले. कपाळाला पीठ लागलं.

"पुढच्या खेपेला पोरीला घेऊन ये," ती चंदाला म्हणाली. "दोघी मावाल त्यावर आरामात."